जखम जुनी झाली, पण नजर अजून गढूळच आहे

बेथेलची लेक

सगळ्यांना सलाम.

लिहू की नको असं महिनाभर चाललं होतं. आज रात्रपाळी नाही, घरात सगळे झोपलेत, म्हणून बसले.

मी जालन्याकडची. नर्स आहे. २०१२-१३च्या दुष्काळात आमच्याकडच्या मोसंबीच्या बागा उभ्या जळाल्या, त्यात आमचीही गेली. बापूंनी टँकरचं पाणी घालून झाडं धरायचा प्रयत्न केला. झाडं गेली, आणि त्याच वर्षी बापूही गेले. पुढच्या वर्षी दादा म्हणाला, "बँकेचं काम आहे, तुझी सही लागते." मी सुट्टी टाकून गेले. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात फोटो काढला, अंगठा दिला, सांगितलं तिथं सही केली. दादानं पुढं केलेला कागद वाचून बघायचा असतो, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. दोन वर्षांनी कशासाठी तरी सातबारा काढला, तर त्यावर माझं नाव नव्हतं. मी सही केलेला कागद हक्कसोडपत्र होता.

त्यानंतर दादाशी बोलणं बंद. त्याच्या मुलीच्या लग्नाला गेले नाही. नाताळात त्याचा फोन आला तर उचलला नाही.

मला लिहायचंय ते मात्र पुढचं आहे. मी दादाला सोडलं, पण दादानं दिलेली नजर माझ्याकडेच राहिली. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, कुणी गोड बोललं की वाटायचं, आता हा काहीतरी मागणार. पाळकसाहेब घरी प्रार्थनेला आले तर मी मनातल्या मनात आमचं दशांश, म्हणजे मंडळीला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग, मोजायची. सून माहेरी जरा जास्त बोलली की कान टवकारायचे. माझी लेक एकदा म्हणाली, "आई, तुला कुणाचाही मेसेज आला ना, की तू आधी शेवटची ओळ वाचतेस. काय मागितलंय ते बघायला." तिनं सहज म्हटलं. मी दोन दिवस नीट जेवले नाही.

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत आमच्या महिला मंडळात बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय वाचला. बेथसैदाचा आंधळा. येशू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, डोळ्यांवर हात ठेवतो आणि विचारतो, तुला काही दिसतंय का? तो माणूस म्हणतो, माणसं दिसतात, पण झाडांसारखी दिसतात, फक्त चालताहेत. मग येशू पुन्हा हात ठेवतो आणि त्याला सगळं स्वच्छ दिसायला लागतं.

हा भाग मी लहानपणापासून ऐकलाय. त्या दिवशी मात्र त्या माणसाच्या उत्तरावर अडकले. त्याला सहज म्हणता आलं असतं, "हो प्रभू, दिसतंय, उपकार झाले." एवढा हात धरून गावाबाहेर आणलेलं, चार लोक बघताहेत. आम्ही तर दर रविवारी तसंच म्हणतो. कसं चाललंय? प्रभूची कृपा, सगळं छान. पण त्यानं खरं सांगितलं, की दिसतंय पण धड दिसत नाही. आणि खरं सांगितल्यावरच दुसऱ्यांदा हात ठेवला गेला.

त्या रात्री मी पहिल्यांदा तशी प्रार्थना केली. "प्रभू, मी विश्वासात आहे, बाप्तिस्मा झालाय, प्रभुभोजन घेते, पण मला माणसं झाडांसारखी दिसतात. सगळी कुऱ्हाडीच्या दांड्याच्या लाकडाची." एवढंच. रडले नाही, काही चमत्कार झाला नाही. झोपले.

पहाटे एक आठवण आली, जी मी कित्येक वर्षं आठवलीच नव्हती. १९९४ साली जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या कोर्सला, माझा नंबर लागला, तेव्हा फी भरायला घरात पैसा नव्हता. दादा तेव्हा बावीस वर्षांचा होता. त्यानं बैलजोडीतला पवळ्या विकला. एका बैलावर शेती होत नाही, म्हणून ते वर्ष त्यानं सावडीनं दुसऱ्याच्या बैलाबरोबर आपला बैल जुंपून काढलं. मी आज जो पगार घेते त्याच्या मुळाशी तो बैल आहे. आणि हे मी विसरले होते. विसरले म्हणजे कसं, तर दादाबद्दल कुणाला सांगताना ही गोष्ट गाळायची, गाळता गाळता ती माझ्यासाठीही गळून गेली.

मला विचारायचंय ते असं. दादानं केलं ते चूकच होतं, आजही चूकच आहे. पण मग बैलाच्या आठवणीचं मी काय करू? तुमच्यापैकी कुणाची नजर अशी गढूळ होऊन पुन्हा निवळली आहे का? कशी?

औशाचा

वाचतोय ताई. माझंही काही आहे. जरा वेळानं लिहितो.

सडेतोड परभणी

ताई, तुमचं दुखणं खरं आहे, त्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण अशा धाग्यांची मला भीती वाटते, आणि का वाटते ते सांगते.

माझी मोठी बहीण. नवरा मारायचा. आम्ही ख्रिस्ती, तोही ख्रिस्ती, लग्न मंडळीत झालेलं. ती माहेरी आली की मंडळीतले वडीलधारे यायचे आणि सांगायचे, सत्तर गुणिले सात वेळा क्षमा कर, तू सहन केलंस तर तो सुधारेल. तीन वेळा परत पाठवली. तिसऱ्या वेळी तिचा उजवा कान कायमचा गेला. आज ती शिवणकाम करते आणि उपासनेला येत नाही. मी येते, पण "क्षमा" शब्द आला की माझे दात आवळतात.

बैल विकणारा भाऊ असतो तेव्हा आठवण गोड निघते. ज्याच्या खात्यात बैल नाहीच, त्याचं काय? क्षमा करायला नेहमी बाईला, गरिबाला आणि धाकट्याला का सांगतात?

बेथेलची लेक

ताई, तुमच्या बहिणीला कुणी परत पाठवायला नको होतं. यावर माझ्याकडे दुसरं उत्तर नाही. वॉर्डात अशा बायका मी पाहिल्यात. "पायरीवरून पडले" म्हणतात, आणि पायरीनं पडलेल्याची जखम कशी असते ते आम्हाला माहीत असतं.

निवृत्त पाळक

सडेतोड ताई, मी चाळीस वर्षं या सेवेत होतो. तुमच्या बहिणीसारख्या दोन बायकांना मीही परत पाठवलं होतं. तेव्हा मला वाटायचं मी घर वाचवतोय. त्यातल्या एकीच्या दारात जाऊन मी नंतर हात जोडले. तिनं मला चहा दिला, पण क्षमा केली असं म्हणाली नाही, आणि ते म्हणायला लावायचा मला अधिकार नव्हता.

वचनाबद्दल बोलतो. सत्तर गुणिले सात हे मत्तयाच्या अठराव्या अध्यायात, पेत्र या शिष्याला दिलेल्या उत्तरात येतं. पण त्याच अध्यायात त्याच्याआधी प्रभू सांगतो, की भावानं अपराध केला तर जा आणि त्याला एकांतात त्याचा अपराध दाखव. ऐकलं नाही तर दोघा-तिघांना घेऊन जा. तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांग. तेही ऐकलं नाही तर त्याला परका समज. म्हणजे अपराधाला अपराध म्हणणं आधी येतं, साक्षीदार आधी येतात, आणि मंडळीनं अन्याय झालेल्याच्या बाजूनं उभं राहायचं असतं. आम्ही बायकांना फक्त पेत्राला दिलेलं उत्तर ऐकवलं आणि वरचा भाग गिळला. ही आमची चूक, शास्त्राची नव्हे.

शिवाय योहानाच्या आठव्या अध्यायाच्या शेवटी लोकांनी दगड उचलले, तेव्हा येशू तिथं थांबला नाही. मंदिरातून निघून गेला. जो वधस्तंभावर मारणाऱ्यांसाठी क्षमा मागतो, तोच दगडांसमोरून बाजूलाही होतो. आणि बेथसैदाच्या त्या माणसाला बरं केल्यावर प्रभूनं सांगितलं होतं, गावात जाऊ नकोस, घरी जा. त्या आज्ञेचं कारण वेगळं होतं हे मला ठाऊक आहे, त्यावरून मोठा सिद्धांत मांडत नाही. तरी मार खाल्लेली बाई समोर बसली की मला ते वाक्य आठवतं. दृष्टी मिळाली म्हणून त्याच गल्लीत परत जावंच लागतं असं नाही.

समुपदेशक लातूर

पाळकसाहेबांशी सहमत. माझ्या कामातून एक-दोन गोष्टी जोडते.

जुनी जखम शरीरातही राहते. झोप उडणं, छातीत धडधड, सारखा कानोसा घेत राहणं, हे श्रद्धा कमी असल्याचं लक्षण नाही. "प्रार्थना करतोस ना, मग गोळ्या कशाला" असं सांगून लोकांची औषधं बंद करायला लावतात, आणि मग ते माझ्याकडे अधिक बिघडून येतात. शुभवर्तमान लिहिणारा लूक हा वैद्य होता असं खुद्द पौलानं लिहिलंय. औषध घ्या आणि प्रार्थनाही करा. कुणाला लगेच बोलायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. घरात मारहाण होत असेल तर महिलांसाठी १८१, आणि २००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे.

बेथेलच्या ताई, जाता जाता कायद्याचंही सांगते. आपल्या ख्रिस्ती घरांत वारसाहक्काला १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. त्यात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच. म्हणजे तुम्ही मागितलं असतं तर ती भावाची मेहरबानी नव्हती. क्षमा करताना नेमकं काय क्षमा करतोय हे माहीत असलेलं बरं.

उसाचं पाचट

मी बीड जिल्ह्यातला. आई-बाप ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की गाडी भरायची अन् कारखान्यावर, ते उन्हाळ्यातच परत. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. मी चौथीपर्यंत एक वर्षसुद्धा सलग शाळेत बसलो नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हंगामाआधी मुकादम उचल देतो. त्या पैशात लगीन, दवाखाना, घराचे पत्रे असं काहीतरी निघतं. मग जेवढा टन ऊस तोडला त्यातनं उचल फिटायची. फिटायची कशाची, वही मुकादमाकडं, आम्हाला वाचता येत नाही. हंगाम सरला की तो म्हणायचा, एवढी बाकी राहिली. ती बाकी पुढच्या वर्षावर. माझ्या बापानं एकदा हिशेब विचारला, तर लेकरांच्या देखत त्याच्या थोबाडीत बसली. मी आठ वर्षांचा होतो. बाप काही बोलला नाही, पाचट पेटवून भाकरी भाजायला बसला.

ताई, तुमची शेवटची ओळ वाचायची सवय मला चांगली कळली. मला कुणी काही दिलं की मी विचारायचो, "किती झाले?" शहरात कामाला आलो, तापानं पडलो, शेजारच्या खोलीतलं एक ख्रिस्ती कुटुंब रोज डबा द्यायचं. मी बरा झाल्यावर वही घेऊन गेलो. अकरा डबे, चाळीस रुपयांनी इतके. त्या मावशी वही बघून रडायला लागल्या. मला वाटलं पैसे कमी लावले.

त्यांच्या बरोबर मी मंडळीत जायला लागलो ते खरं तर त्यांचं देणं फेडायला. त्यांचं म्हणणं मोडायचं नाही, म्हणून. दीड वर्ष मी मागं बसून हेच शोधत होतो की हे लोक शेवटी काय मागणार. एका रविवारी कलस्सैकरांस पत्र, दुसरा अध्याय. आपल्यावर असलेला देण्याचा लेख देवानं खोडला आणि वधस्तंभाला खिळून टाकला. पाळक पुढं बरंच बोलले, मला काही ऐकू आलं नाही. मला मुकादमाची वही दिसत होती. खिळा ठोकलेली. सगळ्यांना दिसेल अशी उंच, आणि त्यात बाकी काही नाही.

आमच्याकडं कृपा या शब्दाचा अर्थ कुणाला सांगायचा असला तर मी एवढंच सांगतो, की ही उचल नाही. ती अंगावर राहत नाही.

तरी नजर एका दिवसात फिरली नाही. वही मी अजून ठेवली आहे. शेवटची नोंद २०१९ची आहे. एका मित्रानं एसटीचं तिकीट काढलं होतं, ते लिहिलंय. त्यानंतर लिहायचं राहून गेलं, आणि राहून गेलंय हे मला फार उशिरा लक्षात आलं.

त्या मुकादमाला क्षमा केली का? रोज नाही होत. बाप आठवला की नाही होत. पण प्रत्येक माणसाच्या हातात मला त्याची वही दिसायची, तेवढं आता दिसत नाही. अन् आमच्या लोकांचा हिशेब लिहून मिळावा, लेकरांना हंगामात वसतिगृह मिळावं, यासाठी मी धडपडतो. क्षमा केली म्हणजे हिशेब विचारायचा नाही, असं मला कुणी सांगू नये.

सडेतोड परभणी

दादा, तुमचं शेवटचं वाक्य मी बहिणीला वाचून दाखवणार आहे.

औशाचा

आता लिहितो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या संध्याकाळी गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. आमच्याकडची जुनी घरं म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती अन् वर मातीचं माळवद. ती भिंत उन्हाळ्यात गार ठेवायची म्हणून आम्हाला तिचा अभिमान. तीच अंगावर आली. आई आणि धाकटी बहीण गेली. मी नऊ वर्षांचा, दारापाशी झोपलो होतो, म्हणून निघालो. किल्लारी आणि आजूबाजूच्या गावांत मिळून दहा हजारांच्या जवळपास माणसं गेली.

तुमच्या सगळ्यांच्या दुखण्याला एक माणूस आहे. भाऊ, मेहुणा, मुकादम. मी कुणाला क्षमा करू? जमिनीला? मी देवावर दात धरला. पुनर्वसनाच्या नव्या गावात मोठा झालो, सरळ आखलेले रस्ते, एकसारखी घरं, आणि आतमध्ये मी. लग्नानंतर बायकोमुळे मंडळीशी ओळख झाली. तिथं एक जण म्हणाला, देवाची काहीतरी योजना असेल. मी उठून बाहेर गेलो, परत सहा महिने गेलो नाही.

मला परत आणलं अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रानं. बायकोनं उघडून दिलं, म्हणाली, हे वाच, यात कुणी तुला समजावत नाही. बाकीची बहुतेक दुःखाची स्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. अंधारातच संपतं. अशी प्रार्थना शास्त्रात ठेवून घेतली आहे याचा मला फार आधार वाटला. पुढं ईयोबाचं पुस्तक वाचलं, सगळं गमावलेल्या माणसाचं. त्याच्या मित्रांनी देवाची बाजू मांडत पानंच्या पानं भाषणं केली, आणि शेवटी देव त्या मित्रांवर रागावला. ईयोब भांडला होता, तरी देव म्हणाला, हा माझ्याविषयी नीट बोलला.

मग योहानाचा अकरावा अध्याय. मेलेल्या लाजराला आपण उठवणार हे येशूला माहीत आहे, तरी कबरेकडे जाताना तो रडला. तिथं मी वाचायचं थांबलो. माझ्या आईच्या दगडांपाशी कोण उभं होतं, हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता. मी नेहमी, दगड कुणी ढकलले, एवढंच विचारत आलो.

मला अजून उत्तर मिळालेलं नाही. एवढं मात्र झालं, की तीस वर्षं मी दाराबाहेर नाहीतर गच्चीवर झोपायचो. पावसाळ्यातही. दोन वर्षांपासून आत झोपतो.

गोदातीर

मी वारकरी घरातला, पैठणचा. हा धागा दोनदा वाचला. उसाचं पाचट आणि औशाचे दादा, तुम्हाला दोघांनाही नमस्कार.

आमच्या गावात नाथांची गोष्ट लहान पोरालाही माहीत असते. गोदावरीत स्नान करून नाथ परत निघाले की एक जण त्यांच्या अंगावर थुंकायचा. ते पुन्हा नदीवर जायचे. असं एकशे आठ वेळा झालं म्हणतात. शेवटी तोच माणूस पाया पडला, तर नाथ म्हणाले, तुझ्यामुळं आज एवढी स्नानं घडली. एक प्रामाणिक प्रश्न आहे, वादासाठी नाही. क्षमा तर आमच्या संतांनीही शिकवली. मग तुमच्या श्रद्धेनं नजर बदलते ती नेमकी कुठं?

बेथेलची लेक

माउली, ही गोष्ट आम्हीही ऐकत वाढलो. आजी सांगायची.

मला धर्मशास्त्र येत नाही, माझ्यापुरतं सांगते. नाथांची गोष्ट ऐकली की मी हात जोडते, आणि मनात येतं, हे नाथ होते, मला जमायचं नाही. मला तर दुसऱ्याच थुंकीला राग येईल. येशूकडं मी आले ती त्याच्यासारखी होता येईल म्हणून नाही. मला आधी क्षमा झालेली आहे, हे मला तिथं कळलं. मत्तयाच्या त्याच अठराव्या अध्यायातला चाकर, ज्याला कधी फेडता येणार नाही एवढं कर्ज माफ झालं आणि त्यानं बाहेर येऊन शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरला, ती मी आहे. दादाचा गळा माझ्या हातात होता. दादाच्या डोळ्यातलं कुसळ मला रोज दिसायचं, माझ्या डोळ्यात बैलाएवढं मुसळ होतं.

तुमच्या आणि माझ्या वाटेत फरक असेल. पण तुम्ही विचारलंत, म्हणून मला हे मलाच नीट सांगता आलं.

निवृत्त पाळक

ताई, तुमचं नाव मी पहिल्या दिवसापासून बघतोय. बेथेलची लेक. त्यावरून एक गोष्ट सांगायची आहे, जरा लांब आहे.

जालन्याजवळचं आपलं बेथेल ज्यांनी वसवलं ते नारायण शेषाद्री. ब्राह्मण घरातले, मुंबईच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि १८४३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, बारा वर्षांचाही नव्हता, तोही मिशनऱ्यांच्या घरी राहायला गेला. वडील कोर्टात गेले. कोर्टानं पोराला वडिलांच्या हवाली केलं. मग त्याला पुन्हा जातीत घ्यायचं की नाही यावरून मुंबईत केवढं वादळ उठलं. बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाच्या बाजूनं उभे राहिले. विचार करा, एका घरातले दोन भाऊ, एक इकडे, एक तिकडे, आणि मध्ये कोर्ट. आपल्या मंडळींच्या पायाशी ही अशी तुटलेली घरं आहेत. धर्मांतराच्या कथा सांगताना आपण आनंद सांगतो, मागं राहिलेल्या आईबापांचं रडणं सांगत नाही. त्यांनाही जखमा होत्या, आणि त्या आपल्या माणसांनी दिलेल्या होत्या. आपली नजर स्वच्छ करायची तर तेही बघावं लागेल.

अशा माणसानं निजामाच्या मुलखात येऊन, ज्यांना गावात जागा नव्हती अशा लोकांसाठी वस्ती वसवली आणि तिला बेथेल नाव दिलं. देवाचं घर. हे नाव आलं कुठून? उत्पत्तीच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातून. याकोबानं आंधळ्या बापाला फसवून थोरल्या भावाचा आशीर्वाद लाटला आणि एसावाच्या रागाला भिऊन पळाला. रात्र झाली, दगड उशाला घेतला, आणि तिथं त्याला देव भेटला. त्या जागेला त्यानं बेथेल म्हटलं. ताई, तुमच्या गावाचं नावच भावकीच्या भांडणातून आलेलं आहे. आणि तेही वारशाच्या.

आता पुढं. ही गोष्ट आम्ही नेहमी याकोबाच्या बाजूनं सांगतो, कारण शास्त्र त्याच्या मागं मागं जातं. मामा लाबानाकडची वीस वर्षं, बायका, मेंढरं, पनुएलला देवाशी झुंजलेली रात्र, लंगडा झालेला पाय. पण तुम्ही या गोष्टीत याकोब नाही. तुम्ही एसाव आहात. फसवला गेलेला. आणि त्या वीस वर्षांत एसावाच्या आत काय झालं, यावर शास्त्रात एक ओळ नाही. याकोब सोडून गेला तेव्हा एसाव भावाला मारायला निघालेला माणूस होता. तेहतिसाव्या अध्यायात भेटतो तेव्हा तो धावत येतो आणि गळ्यात पडतो. मधलं सगळं कोरं आहे. मी कित्येक उपदेश केले या भागावर, आणि ही कोरी जागा मला सत्तरी उलटल्यावर दिसली. कदाचित ज्याची त्याची वीस वर्षं ज्यानं त्यानं लिहायची असतात.

याकोब भेटी घेऊन आला होता, शेरडं, मेंढरं, उंट. एसाव म्हणाला, भावा, माझ्याजवळ पुष्कळ आहे, तुझं तुलाच राहू दे. आणि याकोबानं त्याला म्हटलं, तुझं तोंड पाहणं म्हणजे देवाचं तोंड पाहण्यासारखं आहे.

सडेतोड ताई, आता तुमच्यासाठी. एसाव म्हणाला, चल, बरोबर जाऊ. याकोब म्हणाला, तू हो पुढं, लेकरं आहेत, मी सावकाश येतो. आणि तो त्याच्या मागं गेलाच नाही, सुक्कोथला राहिला. दोघं एका घरात राहिले नाहीत. पुढं इसहाक वारला तेव्हा दोघांनी मिळून बापाला माती दिली. एवढंच. शास्त्र याला तक्रार करत नाही.

सडेतोड परभणी

पाळकसाहेब, बहिणीला धागा वाचून दाखवला. पाचटदादांचं वाक्य तिनं दोनदा वाचायला लावलं. तुमच्या चहाच्या गोष्टीवर म्हणाली, "निदान आले तरी. आमच्याकडं अजून कुणी आलं नाही."

निवृत्त पाळक

ताई, चालणार असेल तर मी परभणीला येतो. तुमच्या मंडळीचा मी कुणी नाही, त्यांच्या वतीनं बोलायचा अधिकार मला नाही. पण एक म्हातारा पाळक म्हणून येईन. उपासनेला या असं म्हणणार नाही. आधी त्यांना विचारा.

सडेतोड परभणी

विचारते.

बेथेलची लेक

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा.

"माझ्याजवळ पुष्कळ आहे" हे वाक्य मी रोज म्हणून बघितलं. पहिले कितीतरी दिवस खोटं वाटायचं. मग कामावर जाताना मोजायला लागले. नोकरी आहे. लेक शहाणी आहे. सुनेनं माझ्या गुडघ्यासाठी तेल आणलं होतं, त्याच्या मागं काही मागणं आलं नाही, मी वाट बघत होते तरी आलं नाही.

मागच्या गुरुवारी गेले गावाला. फोन न करता. दादा बांधावर बसला होता. केस पांढरे झालेत, अकरा वर्षांत मी ते पाहिलेच नव्हते. मला बघून उठला आणि उभाच राहिला. मी मनात जुळवून नेलं होतं त्याच क्रमानं बोलले, कारण नाहीतर जमलं नसतं. आधी म्हटलं, "दादा, तू खोटं सांगून सही घेतलीस. ते चुकलं. बापू असते तर तुला हे करू दिलं नसतं." तो खाली बघत राहिला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. मग मी म्हटलं, "आणि पवळ्याचं मी विसरले होते."

तो खाली बसला. बराच वेळानं म्हणाला, "पवळ्या नव्हं. ढवळ्या इकला व्हता. पवळ्या ऱ्हायला."

इतकी वर्षं मी तीही आठवण चुकीची धरून होते.

माफी त्यानं मागितली नाही. जमिनीचा विषय निघाला नाही, मीही काढला नाही. मुक्कामाला थांब म्हणाला, मी नाही थांबले. वहिनीनं भाकरी आणि ठेचा बांधून दिला. एसटी येईपर्यंत तो रस्त्यावर माझ्याबरोबर उभा होता, आणि ढवळ्या विकायला नेला तेव्हा बाजारातून परत येताना सोळा किलोमीटर पायी आला, हे त्यानं मला पहिल्यांदा सांगितलं. गाडीचं भाडं फीच्या पैशातून मोडायचं नव्हतं म्हणून.